अभिप्रायासाठी जागा

कंपनीचा माणूस सोमवारी आला, बुटांवरचा बर्फ दारातच झाडला
आणि काउंटरवर एक छापील कागद ठेवून गेला:
तारांचं नवं वेष्टन गिटारवाल्यांना कसं वाटतं, कळवा.
आवडलं. नाही आवडलं. सांगता येत नाही.
तीन चौकोन. खाली अभिप्रायासाठी एक ओळ,
करंगळीएवढी.

डुलुथमध्ये जानेवारीत गिऱ्हाईक मत द्यायलाच येतं.
बाहेर उणे चोवीस, सरोवर काठाशी थिजलेलं,
आणि माझ्याकडे हीटर आहे, कॉफी फुकट.

आधी खोक्यात सहा पाकिटं असायची, कागदी,
प्रत्येकावर आकडा:
दहा, तेरा, सतरा, सव्वीस, छत्तीस, शेहेचाळीस.
कुठल्याच हिशेबात न बसणारा हा पाढा
मी बत्तीस वर्षं घोकला.
आता एकच चकचकीत पिशवी,
सहाही तारा एकमेकींत वेटोळं घालून,
टोकाच्या मण्यांना रंग.
रंगावरून ओळखा म्हणे.

कायसा म्हणाली, बरं झालं.
एकोणीस वर्षांची, आठवड्याला एक संच तोडते.
"तुम्ही तारा विकत घेता का पाकिटं?
मी तर सगळी केरात टाकत होते."
खोटं नाही. तो डबा मीच ओततो.

डेलबर्ट पिशवी कानाशी धरून फाडतो.
फस्स.
"ही हवा इथली नाही," तो सांगतो, "म्हणून गंज नाही.
तुझ्या कागदातली तिसरी तार
मला नेहमी म्हातारी होऊनच मिळायची."

मार्लिस बराच वेळ बोललीच नाही.
पिशवी नखानं खरवडली, पेन काढलं, शाई पसरली,
अंगठ्याला लागली.
ती दर वेळी जुन्या पाकिटावर लिहून ठेवायची:
क्लोके, शनिवार, माणसं अठरा, दोन झोपलेली.
सुपीरियर, लग्न, नवरदेव रडला, माझ्यामुळे नव्हे.
बुटांच्या खोक्यांत अशी चारएकशे पाकिटं.
"वही घे म्हणशील," ती म्हणाली.
"वही मी हरवते."

एइनो काल आला, गालावर बारीक ताजी रेघ.
तेराची तार दहाच्या जागी ओढली होती.
"एक मणी लाल आहे आणि एक हिरवा, होय ना?"
"होय."
"मला दोन्ही मातकट."

तरुणपणी तो खनिजाच्या जहाजावर भरती व्हायला गेला होता.
डॉक्टरानं अंधाऱ्या खोलीत दोन दिवे दाखवले,
विचारलं, डावा कुठला, उजवा कुठला,
आणि घरी पाठवलं.
मग तो गिटार शिकला, कारण हिवाळा लांब होता
आणि गिटारीला दिवे नसतात.
"आता इथंही," तो म्हणाला.
कॉफी न पिताच गेला.

दहा आणि तेरा यांच्यामधलं अंतर
एका इंचाचे हजार तुकडे केले तर त्यातले तीन.
सत्तरी ओलांडलेल्या बोटाला ते कुठून लागावं?

रात्री दुकान बंद केलं.
कागद चांगला होता, जाड, कंपनीला शोभेलसा.
कात्रीनं कापला, घड्या घातल्या, कडांना गोंद लावला.
एका पाकिटावर आवडलं आलं,
एकावर सांगता येत,
नाही दुसऱ्यावर गेलं.
त्यावरूनच काळ्या खडूनं आकडे काढले, ठसठशीत,
दुकानाच्या पाटीवर काढतात तसे.

मग नवी पिशवी फोडली.
डेलबर्टची ती परकी हवा निघून गेली,
खोलीभर जरा लोखंडाचा वास.
तारा सोडवताना दोनदा शिवी दिली, कुणाला ते माहीत नाही.

पाचच पाकिटं झाली. सहाव्याला कागद पुरला नाही.
शेहेचाळीसची तार तशीच उघडी वर ठेवली.
ती जाड आहे.
ती त्याला कळते.